साडेसात ग्रॅमची तार आणि एकशेपाच किलोंचा स्वार

ताशी ३० किलोमीटरने चाललेल्या सायकलचं चाक सेकंदाला जवळजवळ चार फेरे घेतं. चाकात ३२ स्पोक असतील, तर दर सेकंदाला सव्वाशे वेळा कुठला ना कुठला स्पोक तळाशी येतो, क्षणभर सैलावतो आणि पुन्हा ताठ होतो. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला, तर किलोमीटरला ४७६ फेरे. रोज तीसेक किलोमीटर सायकल मारणारा माणूस वर्षाला दहा हजार किलोमीटर सहज काटतो. तेवढ्या वर्षभरात प्रत्येक स्पोक ४७ लाख ६० हजार वेळा सैलावून पुन्हा ताणला गेलेला असतो. ३२ स्पोकांची बेरीज १५ कोटींच्या वर जाते.

हे सोसणारी वस्तू म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची, सुमारे २९ सेंटिमीटर लांबीची पोलादी तार. वजन साडेसात ग्रॅम.

वर बसलेला माणूस साठ किलोंचा असेल तर चाकाचा विचार कुणी करत नाही. तो एकशेपाच किलोंचा असेल, तर दुकानात दोन सल्ले ठरलेले असतात. एक, जाडजूड तारांचं जड चाक घ्या. दुसरा, हलक्या चाकांचा नाद सोडा. कारखान्यात तयार झालेल्या हलक्या चाकांवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, कुणाची ११० किलो, कुणाची १२०, आणि त्यात सायकलचं वजनही धरलेलं असू शकतं. ती मर्यादा पाळायलाच हवी. पण तेवढ्यावरून वजनदार माणसाच्या नशिबी जडच चाक आहे असं मानणं मला पटत नाही. चाकाचं गणित मांडलं की मजबुतीचा बराचसा हिस्सा तारांच्या संख्येतून, त्यांच्या ताणातून आणि बांधणाऱ्याच्या हातातून आलेला दिसतो. जाडी फार खालच्या क्रमांकावर येते.

आधी ताणाचं बघू, कारण चक्रावून टाकणारे आकडे तिथेच आहेत.

चांगल्या बांधलेल्या पुढच्या चाकात प्रत्येक स्पोक साधारण शंभर किलोंच्या ओढीने ताणलेला असतो. सायकल जिन्याखाली उभी आहे, वर कुणी बसलेलं नाही, तरीही प्रत्येक तारेला एक धडधाकट माणूस लटकला असावा एवढी ओढ आहे. अशा ३२ तारा म्हणजे ३२०० किलो. एक किलोहून कमी वजनाच्या चाकात तीन टनांहून जास्त ओढ गपचूप बसलेली असते. चहूबाजूंची ओढ एकमेकींना तोलते म्हणून बाहेरून काही जाणवत नाही. त्याची किंमत रिम मोजते. ताणांच्या बेरजेला दोन पायने भागलं की रिमवरचा दाब मिळतो, तो येतो पाचशे किलोंच्या थोडा वर. साडेचारशे ग्रॅमची ॲल्युमिनियमची रिम या दाबाने खरोखर आक्रसते. तिचा परीघ सुमारे दीड मिलिमीटरने कमी होतो.

आणि तार किती वाढते? शंभर किलोंच्या ओढीने दोन मिलिमीटर जाडीची २९ सेंटिमीटरची तार फक्त ०.४५ मिलिमीटर लांबते. स्पोकच्या रिमकडच्या टोकावर बसणाऱ्या नटाला निपल म्हणतात. त्याचे आटे इंचाला ५६ असतात, म्हणजे निपल एक पूर्ण फेरा फिरवला की तार ०.४५ मिलिमीटर आत येते. निव्वळ तारेचा हिशोब केला तर अगदी सैल तार आणि शंभर किलोंनी ताणलेली तार यांत निपलच्या एका फेऱ्याचं अंतर आहे. प्रत्यक्षात रिम आक्रसत जाते, स्पोकची मान चाकाच्या मधल्या हबच्या भोकात बसत जाते, म्हणून फेरे जास्त लागतात. पण चाक जवळजवळ पूर्ण ताणल्यावर स्पोक चावीचा पाव फेरा म्हणजे वीस किलोंच्या आसपासचा फरक, हे विसरून चालत नाही. चावी जोरात फिरवणारा हात इथे चालत नाही.

या तारेला सरळ ओढून तोडायचं तर तीनशे किलोंच्या वर जोर लागतो. त्यामुळे स्वाराच्या वजनाने स्पोक ओढला जाऊन तुटला, असं सहसा घडतच नाही. स्पोक थकून तुटतो. लाखो वेळा ताण कमी-जास्त होतो, मानेच्या वाकणाशी केसाएवढी चीर पडते आणि एखाद्या सपाट रस्त्यावर, काही कारण नसताना, टक् असा आवाज येतो.

मग वजन पेलतं कोण? हब वरच्या स्पोकांना टांगलेला असतो, हा बहुतेकांचा समज. माणूस सायकलवर बसला की वरच्या स्पोकांचा ताण वाढायला हवा, असं आपल्याला वाटतं. मोजलं तर तो जेमतेम हलतो. केंब्रिजच्या बर्गॉइन आणि दिल्मघानियन यांनी १९९३ साली चाकाकडे पूर्वताण दिलेली रचना म्हणून पाहिलं, जसं पुलाच्या काँक्रीटच्या तुळईकडे पाहतात. अमेरिकी अभियंता जोब्स्ट ब्रँट यांनी त्याआधी १९८१ साली ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हेच मांडलं होतं. जमिनीला टेकलेल्या जागी रिम किंचित आत दबते, तिथले चार-पाच स्पोक सैलावतात, आणि त्यांच्या ताणात झालेली घट जवळपास स्वाराच्या भाराएवढी भरते. बाकीच्या तारांना फारसा पत्ताही लागत नाही. वजन पेललं जातं ते तळाच्या तारा ढिल्या होण्यातून. म्हणूनच त्यांच्यात ढिलं व्हायला पुरेसा ताण आधीपासून भरलेला असावा लागतो.

आता वजनदार स्वाराचा हिशोब मांडता येतो. १०५ किलोंचा माणूस, १० किलोंची सायकल. त्यातला साधारण ६० टक्के भार मागच्या चाकावर, म्हणजे ६९ किलो. तळाच्या चार-पाच तारांत तो वाटला गेला तरी अगदी मधल्या तारेच्या वाट्याला वीस-पंचवीस किलोंची घट येते. हे झालं गुळगुळीत रस्त्यावर. खड्ड्यात चाक आपटलं की भार दुप्पट-तिप्पट होतो आणि ती घट पन्नास-साठ किलोंवर पोचते. शंभर किलोंचा ताण असलेल्या तारेत तरीही चाळीस शिल्लक उरतात. पन्नास किलोंचा ताण असलेली तार मात्र पार लोंबकळते.

आणि पन्नास किलोंच्या तारा चाकात असतात. मागच्या चाकात डाव्या बाजूला.

कॅसेटला, म्हणजे मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांच्या संचाला, जागा द्यायची म्हणून मागच्या हबची उजवी चकती मध्यरेषेच्या जवळ सरकवलेली असते. रस्त्यावरच्या सायकलींत ती मध्यापासून सतरा-अठरा मिलिमीटरवर असते आणि डावी पस्तीस-छत्तीसवर. रिम मध्यावर राहायची तर दोन्ही बाजूंची आडवी ओढ सारखी हवी. उजव्या तारा जवळजवळ उभ्या, त्यांची आडवी ओढ कमी, म्हणून त्यांना जास्त ताणावं लागतं. उजवीकडे ११० किलो दिले की डावीकडे ५४ किलोच द्यावे लागतात. जास्त दिले तर रिम डावीकडे सरकते. मागच्या चाकातल्या निम्म्या तारा अशा अर्ध्या ताणावर नांदत असतात आणि सगळ्यात जास्त भारही त्याच चाकावर असतो. खड्ड्यात त्या पूर्ण सैल झाल्या की निपल कणाकणाने उलटं फिरतं, ताण आणखी उतरतो, चाक आऊट होतं. मेकॅनिक आऊट काढून देतो, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मग एक दिवस तार तुटते आणि दोष स्वाराच्या वजनावर जातो.

इथे बारीक तारेचं महत्त्व कळतं. चांगल्या स्पोकची दोन्ही टोकं दोन मिलिमीटरची ठेवून मधला भाग बारीक केलेला असतो, कधी १.८ मिलिमीटर, कधी १.५. यांना बटेड स्पोक म्हणतात. तीच शंभर किलोंची ओढ दिली तर सरळ जाड तार ०.४५ मिलिमीटर लांबते, १.८ वाली ०.५५ आणि १.५ वाली ०.७६ मिलिमीटर. आता रिम तळाशी ०.१५ मिलिमीटरने आत दबली असं समजा. जाड तारेचा तेवढ्यात ३३ किलो ताण गेला. १.८ वालीचा २७ गेला. सगळ्यात बारीक तारेचा २० गेला. म्हणजे दर फेऱ्याला होणारी ताणाची चढउतार बारीक तारेत कमी, आणि थकवा याच चढउतारातून येतो. शिवाय बारीक तार आपल्या वाट्याचा भार शेजारणींना जास्त वाटते. मानेचं वाकण मात्र दोन मिलिमीटरचंच राहतं, आणि स्पोक तुटतो तो तिथेच. डाव्या बाजूच्या त्या ५४ किलोंवरच्या तारा बारीक असल्या तर त्या सहज सैल होत नाहीत. वजनदार माणसाच्या मागच्या चाकाची डावी बाजू मी म्हणूनच जाड तारांनी कधीच भरू देणार नाही.

बारीक तारांची दुसरी बाजूही सांगायला हवी. तारांचा एकूण छेद कमी झाला की चाक लवचीक होतं, जोर लावून उभं राहिलं की डावी-उजवीकडे झुकतं. म्हणून संख्या वाढवायची. २८ जाड तारांचा एकूण छेद ८८ चौरस मिलिमीटर भरतो. १.८ मिलिमीटरच्या ३६ तारांचा भरतो जवळपास ९२. पोलाद जास्त, आणि ते आठ जास्त जागी वाटलेलं. वजन? सरळ जाड तार साडेसात ग्रॅम, १.८ वाली सव्वासहा-साडेसहा, १.५ वाली पाच ग्रॅमच्या आत. २८ जाड तारा २१० ग्रॅमच्या, ३६ बटेड तारा २२७ ग्रॅमच्या. फरक १७ ग्रॅम, वर आठ पितळी निपलांचे आठेक ग्रॅम. आणि सगळ्या ३६ तारा १.५ मिलिमीटरच्या घेतल्या तर त्या १७३ ग्रॅममध्येच बसतात, २८ जाड तारांपेक्षा ३७ ग्रॅमनी हलक्या.

एकाच जातीच्या बटेड तारा घेऊन २८ ऐवजी ३६ केल्या तर निपलांसकट ५८ ग्रॅम वाढतात. ११५ किलोंच्या एकूण भारात ५८ ग्रॅम म्हणजे ०.०५ टक्के. वर चढायला तासभर लागणारा घाट असेल, तर या आठ तारांपायी दोन सेकंदही उशीर होत नाही. या दोन सेकंदांसाठी वजनदार स्वाराला २४ किंवा २८ तारांचं मागचं चाक विकणं मला मान्य नाही.

मागच्या चाकाला जास्त तारा द्याव्यात हे जुन्या सायकलवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. दूधवाल्यांनी दोन्ही बाजूंना कॅन लटकवून चालवलेली ती काळी, उंच, २८ इंची चाकांची सायकल आठवा. तिच्या पुढच्या चाकात ३२ तारा असत आणि मागच्यात ४०. एकूण ७२, पण वाटणी भाराप्रमाणे. आजच्या अनेक महागड्या सायकलींत पुढे-मागे तारा सारख्याच, आणि दोन्हीकडे कमीच.

तारेवर चाक उभं करण्याची कल्पना मुळात फार धाडसी. लाकडी चाकाचे आरे दाब घेतात, बारीक तार दाबली की वाकते. तारेला फक्त ओढ सोसते, म्हणून तिला कायम ओढीतच ठेवायचं. इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी १८०८ साली विमानासाठी हलकं चाक हवं म्हणून ही कल्पना वहीत मांडली, तीही उडणारं विमान जगात नसताना. पॅरिसच्या युजीन मेयर यांनी १८६९ मध्ये तारेच्या चाकाचं पेटंट घेतलं. कॉव्हेंट्रीचे जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये तारा हबमधून सरळ न काढता स्पर्शरेषेत, तिरक्या काढल्या, आणि आजही आपण तशाच भरतो. लंडन आय नावाचं १३५ मीटर उंच अवाढव्य चाकही याच तत्त्वावर फिरतं. त्यात ६४ केबल स्पोकसारख्या आहेत आणि आणखी १६ केबल खास फिरण्याचा जोर पोचवण्यासाठी तिरक्या.

तो तिरकेपणा वजनदार माणसाला फारच लागतो. १०५ किलोंचा स्वार घाटात उभा राहून १७ सेंटिमीटरच्या क्रँकवर पूर्ण वजन टाकतो आणि पुढे-मागे दातांची संख्या सारखी आहे, असं धरा. हबला १७५ न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. ३६ तारांच्या चाकात तो वाटला गेला की निम्म्या तारा वीसेक किलोंनी ताणल्या जातात आणि निम्म्या तेवढ्याच सैलावतात. तारा सरळ भरलेल्या असतील तर हा पीळ घ्यायला त्यांना हातच नाही. डिस्क ब्रेक आल्यापासून हे पुढच्या चाकालाही लागू झालं, कारण ब्रेकचा पीळही हबमधून तारांतूनच रिमपर्यंत जातो.

तीन छेदांच्या गुंफणीत प्रत्येक तार आपल्याच बाजूच्या तीन तारांना ओलांडते. ३६ तारांच्या चाकात असे ५४ छेद होतात, आणि सगळ्यात बाहेरच्या १८ छेदांत तार दुसरीच्या खालून घेऊन गुंफलेली असते, म्हणजे एक सैलावली तर दुसरी तिला धरून राहते. पहिल्या तारेचं भोक चुकलं तर सगळी गुंफण एक घर सरकते. चाक तयार होतं, फिरतंही, पण व्हॉल्व्हच्या डोक्यावर तारा एकमेकींकडे झुकतात आणि पंपाचं तोंड आत जात नाही. मग सगळं सोडून पहिल्यापासून.

भरून झाल्यावर खरं काम सुरू होतं. तबलजी हातोडी घेऊन गजऱ्यावर ठोकत घराघराने फिरतो, प्रत्येक घराचा नाद शेजारच्या घराशी जुळवतो. चाक बांधणाराही तसाच एका बाजूची तार छेडत, पुढची छेडत, आवाज जुळवत गोल फिरतो. एक तार घट्ट केली की शेजारच्या दोघींचा ताण बदलतो, समोरच्या बाजूचाही बदलतो. रिमची डावी-उजवी थरथर ०.२ ते ०.३ मिलिमीटरच्या आत आणायची आणि एका बाजूच्या सगळ्या तारांचा ताण पाच टक्क्यांच्या आत ठेवायचा. यातली पहिली गोष्ट डोळ्यांना दिसते, म्हणून सगळे तीच बघतात. वजनदार स्वारासाठी दुसरी जास्त मोलाची आहे. चाक अगदी सरळ फिरत असूनही त्यात एक तार १३० वर आणि शेजारची ७० वर असू शकते. असं चाक दुकानात सुंदर दिसतं आणि ७० वाली तार आधी थकते.

बारीक तारा इथे बांधणाऱ्याची परीक्षा घेतात. निपल फिरवताना तार स्वतःच पिळली जाते, आणि पिळाचा हिशोब जाडीच्या चौथ्या घाताने चालतो. १.५ मिलिमीटरचा भाग दोन मिलिमीटरच्या तुलनेत तिपटीहून जास्त पिळतो. बांधणाऱ्याने थोडं पुढे फिरवून तेवढंच मागे घेतलं नाही, तर तो पीळ पहिल्या दोन-चार किलोमीटरमध्ये कटकट आवाज करत सुटतो आणि चाक आऊट होतं. शेवटी तारांच्या जोड्या दोन्ही हातांत धरून जोरात दाबायच्या, पूर्ण चाकभर. तार वळवताना तिच्या मानेत राहून गेलेले अंतर्गत ताण त्या दाबाने निवतात. ब्रँट यांनी या दाबण्यावर फार भर दिला होता. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि फायदा लाखो फेऱ्यांचा.

या फेऱ्यांची मोजदाद लांब पल्ल्यावर भोवंड आणते. १८९१ साली सुरू झालेली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १२०० किलोमीटरची सफर ९० तासांत संपवायची असते. चाकाचे फेरे ५ लाख ७० हजार. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी, सुमारे ४८०० किलोमीटरची रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली, ते अंतर २३ लाख फेऱ्यांचं. पुढच्या वर्षी ते मॉस्कोहून व्लादिवोस्तोकपर्यंतची सुमारे ९१०० किलोमीटरची ट्रान्स-सायबेरियन शर्यतही पुरी करून आले, ४३ लाख फेरे. म्हणजे रोज तीस किलोमीटर ऑफिसला सायकलने जाणारा तुमच्या गल्लीतला माणूस वर्षभरात आपल्या स्पोकांना त्याहून जास्त वेळा सैलावतो, आणि आपल्या रस्त्यांवर. तो एकशेपाच किलोंचा असेल तर त्याच्या चाकाला शर्यतीच्या चाकाइतकीच काळजी हवी.

तुमचं वजन शंभर किलोंच्या आसपास किंवा वर असेल आणि नवं चाक बांधून घ्यायचं असेल, तर एवढं मागा. मागे ३६ तारा, पुढे ३२. सगळ्या बटेड, उजवीकडे १.८ मिलिमीटरच्या, मागच्या डाव्या बाजूला त्याहून बारीक. गुंफण तीन छेदांची, निपल पितळी. मिळाली तर मागे अशी रिम घ्या, जिची भोकं मध्यापासून तीनेक मिलिमीटर बाजूला आहेत. तेवढ्याने डाव्या तारांचा ताण उजव्यांच्या ४९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर जातो. टायर ३२ मिलिमीटरचा किंवा सायकलमध्ये मावेल तेवढा रुंद लावा, कारण खड्ड्याचा पहिला मार त्यातली हवा खाते. चाक ताब्यात घेताना ताणमापक लावून प्रत्येक तारेचा आकडा दाखवायला सांगा, आणि दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर त्याच माणसाकडे पुन्हा तपासून घ्या. तो तारा एकेक करून छेडत असेल तर घाई करू नका, त्याला मागेल तेवढा वेळ आणि मागेल तेवढे पैसे द्या.